इंग्लंडमधली गावातली छोटी चर्च-शाळा: चार वर्षांच्या मुलासाठी निवडताना काय तपासायचं

स्विंडन, रेडिंग किंवा मिल्टन कीन्सच्या आसपासच्या एखाद्या गावात घर घेतलेल्या मराठी आईबाबांना कौन्सिलच्या शाळांच्या यादीत एक नाव हमखास भेटतं: आधी कुठल्यातरी संताचं नाव आणि पुढे 'सी ऑफ ई (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड) इन्फंट स्कूल'. पट पन्नास-साठ मुलांचा, शेजारी दगडी चर्च, समोर एकच गाडी जाईल एवढा रस्ता. पहिला प्रश्न धर्माचा येतो. आम्ही हिंदू, आमचं मूल तिथे घेतील का, आणि घेतलं तर त्याला काय शिकवतील? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. खरी अडचण पुढे निघते ती शाळा लहान असण्यातून आणि ती तीनच वर्षांची असण्यातून, आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

खालची सगळी माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

ही शाळा नेमकी काय असते

चर्चची शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट येतं: फी, डोनेशन, मुलाखत. इथे यातलं काहीच नाही. चर्च ऑफ इंग्लंडची गावातली शाळा सरकारी पैशावर चालते, फी शून्य, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यास मनाई आहे. वर्क व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही ती खुली असते; व्हिसावर 'पब्लिक फंड्स' मिळणार नाहीत असा शेरा असला तरी सरकारी शाळा त्या फंडांत मोजली जात नाही.

इन्फंट स्कूलमध्ये तीन इयत्ता: रिसेप्शन (वय ४ ते ५), इयर वन (५ ते ६) आणि इयर टू (६ ते ७). त्यानंतर इयर थ्रीपासून इयर सिक्सपर्यंत वेगळी ज्युनियर स्कूल. जिथे रिसेप्शन ते इयर सिक्स एकाच ठिकाणी असतं ती प्रायमरी. काही भागांत मिडल स्कूलची पद्धत टिकून आहे, तिथे इन्फंटऐवजी फर्स्ट स्कूल असते. नाव नीट वाचा, कारण तीन वर्षं आणि सात वर्षं यांत बराच फरक आहे.

या शाळा चर्चला खेटून का असतात, त्याचं कारण एकोणिसाव्या शतकात आहे. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायला चर्च ऑफ इंग्लंडने १८११ मध्ये नॅशनल सोसायटी स्थापली. १८४१ च्या कायद्याने जमीनदारांना शाळेसाठी एक एकरापर्यंत जमीन देणं सोपं केलं, आणि ती जमीन पुष्कळदा चर्चच्या कडेचीच असे. सरकारने शाळा उघडायला सुरुवात केली ती १८७० च्या कायद्यानंतर. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत. इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा. गावात त्या इतक्या सवयीच्या आहेत की कित्येक गावकरी त्यांना चर्चची शाळा असं म्हणतही नाहीत, नुसती गावची शाळा म्हणतात.

एडेड की कंट्रोल्ड

१९४४ च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांचे दोन मुख्य प्रकार पाडले. तुमच्या शाळेचा प्रकार आधी शोधा, कारण प्रवेशाचे नियम त्यावर ठरतात. सरकारच्या 'गेट इन्फर्मेशन अबाउट स्कूल्स' या साइटवर शाळेचं नाव टाकलं की प्रकार, क्षमता आणि सध्याचा पट दिसतो.

व्हॉलंटरी कंट्रोल्ड शाळेत प्रवेशाचे नियम कौन्सिल ठरवते आणि शिक्षकही कौन्सिलचे असतात. चर्चचे प्रतिनिधी गव्हर्निंग बॉडीवर, म्हणजे शाळेच्या कारभार समितीवर, असतात, पण अल्पमतात. धर्मशिक्षण स्थानिक अभ्यासक्रमाप्रमाणे असतं; त्यात ख्रिस्ती धर्माला जास्त जागा असली तरी इतर धर्मही येतात.

व्हॉलंटरी एडेड शाळेत चर्चने नेमलेल्या गव्हर्नरांचं बहुमत असतं. शिक्षक गव्हर्निंग बॉडी नेमते, इमारतीच्या मोठ्या कामांच्या खर्चातला साधारण १० टक्के भाग तिला उभा करावा लागतो, आणि प्रवेशाचे नियमही तीच करते. चर्चला येणाऱ्या कुटुंबांना प्राधान्य असण्याची शक्यता इथे जास्त. शाळा अकॅडमी (कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतो ती सरकारी शाळा) झाली असेल तर प्रवेशाचे नियम त्या ट्रस्टचे. आधी ती एडेड होती की कंट्रोल्ड याची छाप मात्र राहते.

धर्माचा प्रश्न

एक गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते: नावात चर्च नसलेल्या सरकारी शाळेतही कायद्याने रोज सामूहिक उपासना घ्यायची असते, आणि तीही मुख्यत्वे ख्रिस्ती धर्तीची. चर्चच्या शाळेत ती मनापासून होते, एवढा फरक. रोज पंधरा-वीस मिनिटांची सभा, एखादी बायबलमधली गोष्ट, एक गाणं, डोळे मिटून छोटी प्रार्थना. ठरलेल्या दिवशी व्हिकार, म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, येतो. जेवणाआधी दोन ओळींचे आभार. वर्षातून काही वेळा सगळी शाळा रांगेने चर्चमध्ये जाते: शरद ऋतूतला हार्वेस्ट म्हणजे सुगीचा सण, डिसेंबरातलं येशूजन्माचं नाटक, ईस्टर, आणि जुलैत इयर टूच्या मुलांचा निरोप.

मुलाला उपासनेतून किंवा धर्मशिक्षणातून पूर्ण किंवा अंशतः बाहेर ठेवण्याचा हक्क पालकांना आहे. लेखी कळवायचं; कारण द्यावं लागत नाही. एडेड शाळेतही हा हक्क तसाच. पण दोन वर्गखोल्यांच्या शाळेत सभेतून बाहेर काढलेलं मूल नेमकं कुठे बसतं, ते आधी विचारा. बहुतेक वेळा एका मदतनीस बाईंबरोबर कोपऱ्यात चित्र रंगवत, एकटं. चार वर्षांच्या मुलाला प्रार्थनेपेक्षा हे एकटेपण जास्त जाणवतं. म्हणून आमचं मत असं की घरातून तीव्र हरकत नसेल तर मुलाला बसू द्यावं. हरकत असेल तर शाळा निवडण्याआधीच दुसरी बघावी, प्रवेश घेऊन मग भांडू नये.

हेडटीचरला मोघम 'तुम्ही सर्व धर्मांचा आदर करता का' असं विचारून काही हाती लागत नाही, उत्तर होच येणार. त्यापेक्षा विचारा: गेल्या वर्षी मुलं चर्चमध्ये किती वेळा गेली? प्रार्थना मुलं स्वतः म्हणतात की ऐकतात? दिवाळी वर्गात कुणी आणि कशी सांगितली? चर्च-शाळांची धार्मिक बाजू तपासणारी 'सियाम्स' नावाची वेगळी तपासणी असते. तिचा अहवाल ऑफस्टेडच्या (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अहवालाइतकाच उघड असतो आणि शाळेचा खरा सूर त्यात बऱ्यापैकी कळतो.

अर्ज

तारखा पाठ करून ठेवा. १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ या काळात जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२७ मध्ये रिसेप्शनला बसतं. त्याचा अर्ज १५ जानेवारी २०२७ पर्यंत, आणि निकाल १६ एप्रिल २०२७ ला. दरवर्षी तारखा याच. १६ एप्रिलला सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. शाळा शेजारच्या काउंटीत असली तरी अर्ज तुम्ही राहता त्या कौन्सिलकडेच करायचा.

फॉर्मवर किमान तीन शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. तुमचा क्रम शाळेला दिसत नाही. प्रत्येक शाळा आपापल्या नियमांनी मुलांची यादी लावते, आणि एकाहून जास्त शाळांत जागा बसत असेल तर त्यांतली तुमच्या क्रमात सर्वांत वरची तुम्हाला मिळते. त्यामुळे 'पहिलं नाव दिलं नाही तर शाळा रागावेल' हा समज चुकीचा. एकच शाळा लिहून बाकी रकाने रिकामे सोडायचे, म्हणजे त्यांना देणं भाग पडेल, हा हिशेबही उलटा फिरतो. ती जागा हुकली की इतर सगळ्यांचं वाटप झाल्यावर जिथे जागा उरली असेल तिथे कौन्सिल तुम्हाला टाकते, मग ती सात मैलांवर का असेना.

अर्ज जागांपेक्षा जास्त आले की प्राधान्याचे नियम लागतात. ज्या मुलाच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलाच्या कायदेशीर योजनेत) शाळेचं नाव लिहिलेलं आहे त्याला घ्यावंच लागतं. त्यानंतर कौन्सिलच्या देखभालीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुलं. मग शाळेप्रमाणे भावंडं, कॅचमेंट (शाळेसाठी आखलेला परिसर), चर्चची उपस्थिती, अंतर. अंतर काही कौन्सिल सरळ रेषेत मोजतात, काही पायवाटेने. नदी किंवा रेल्वे आडवी असेल तर या फरकाने क्रम पालटतो.

एडेड शाळेत बहुधा एक पुरवणी फॉर्म असतो. चर्चला येणारी कुटुंबं तो व्हिकारची सही घेऊन थेट शाळेला देतात. इथे दोन चुका होतात. काही पालक तो फॉर्म भरतात आणि कौन्सिलचा अर्जच करत नाहीत. म्हणजे अर्ज झालेलाच नसतो. काही जण 'आपण ख्रिस्ती नाही' म्हणून शाळाच सोडून देतात. पुरवणी फॉर्म न देता नुसता कौन्सिलचा अर्ज पूर्ण चालतो, फक्त तुमचा क्रम चर्चला येणाऱ्या कुटुंबांनंतर लागतो. आणि जागा शिल्लक असतील तर चर्चच्या शाळेलाही धर्म न बघता प्रत्येक अर्जदाराला घ्यावंच लागतं. जन्मदर घटल्यामुळे गावातल्या बऱ्याच छोट्या शाळांत आज जागा रिकाम्या आहेत, तेव्हा आधी गेल्या तीन वर्षांत किती अर्ज आले आणि शेवटचं मूल कुठल्या निकषावर, किती अंतरावरून आत गेलं, हे कौन्सिलच्या पुस्तिकेत बघा.

घर बदलत असाल तर पुरावा कशाचा लागतो तेही आधीच विचारा: भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, की घर खरेदीचे करार झाल्याचं वकिलाचं पत्र. भारतातून वर्षाच्या मधेच येणाऱ्यांना 'इन-इयर' अर्ज करावा लागतो; त्याचा लेखी निर्णय शाळेच्या १५ दिवसांत मिळायला हवा.

उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांचं वेगळं. पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या टर्मपासून शिक्षण सक्तीचं होतं, त्याआधी नाही. म्हणून जुलै २०२३ चं मूल सप्टेंबर २०२७ मध्ये अर्धा दिवस जाऊ शकतं, किंवा जागा राखून काही आठवडे उशिरा जाऊ शकतं. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टच्या मुलासाठी एक पूर्ण वर्ष थांबून पुढच्या बॅचबरोबर रिसेप्शनला बसवण्याची विनंतीही करता येते. ती मंजूर करणं न करणं प्रवेश देणाऱ्या संस्थेच्या हातात असतं. इन्फंट स्कूलने हो म्हटलं, तरी तीन वर्षांनी ज्युनियर स्कूल तो निर्णय नव्याने घेते.

छोटी शाळा म्हणजे नेमकं काय

पाच ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यासक्रम चालणाऱ्या वर्गात आणि रिसेप्शनमध्ये एका शिक्षकामागे ३० हून जास्त मुलं असू शकत नाहीत. १९९८ च्या कायद्याने आलेली ही मर्यादा कडक आहे; जुळ्यांपैकी दुसरं मूल, सैनिकांची मुलं असे मोजकेच अपवाद. या ३० च्या आकड्यावर छोट्या शाळेचं सगळं गणित फिरतं.

समजा, शाळेत दर इयत्तेला २० जागा आहेत. तीन इयत्तांची ६० मुलं, पैसे दोनच शिक्षकांपुरते. मग पहिल्या वर्गात रिसेप्शनची २० आणि इयर वनमधली लहान १०; दुसऱ्यात इयर वनची मोठी १० आणि इयर टूची २०. म्हणजे इयर वन मधोमध फुटतं, बहुतेक वेळा वयाने. जूनमधे जन्मलेली मुलगी दुसऱ्या वर्षीही 'लहान्यांच्या' वर्गात राहते आणि तिची ऑक्टोबरची मैत्रीण पलीकडच्या खोलीत जाते. आईबाबांना वाटतं, आपली मागे पडली. तसं नसतं. पण मुलीला हे आधी सांगितलेलं बरं, आणि विभागणी वयाने करतात की वाचनाच्या पातळीने, हे भेटीतच विचारून घ्यावं. १५ जागांच्या शाळेत हा पेच नसतो: रिसेप्शन वेगळं, आणि इयर वन-टू मिळून ३०.

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळणं हे कसब आहे, आणि ते सगळ्यांना जमत नाही. रिसेप्शनच्या मुलांचं शिकणं खेळातून, आत-बाहेर मोकळं फिरत व्हायला हवं; इयर वनला राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू होतो. चांगल्या मिश्र वर्गात मोठी मुलं अर्धा तास गणिताला बसतात तेव्हा लहान मुलं मदतनिसाबरोबर बाहेर मातीचा स्वयंपाक खेळत असतात. वाईट वर्गात सगळे तीस जण एकाच गालिच्यावर बसून एकच धडा ऐकतात. भेटीला सकाळी दहाच्या सुमारास जा आणि हे डोळ्यांनी बघा. इतिहास-विज्ञानाचे विषय दोन वर्षांच्या फेऱ्यात फिरवतात. फेरा कसा चालतो ते विचारलं नाही तर मुलाच्या वाट्याला १६६६ ची लंडनची आग दोनदा यायची आणि दुसरं काहीतरी सुटायचं.

निकालांचे टक्के अशा शाळेत फसवे असतात. इयर वनच्या शेवटी जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून शब्द वाचण्याची, चाचणी होते: ४० शब्द, त्यांतले काही मुद्दाम बनवलेले निरर्थक. बारा मुलांच्या इयत्तेत एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. एका वर्षी ९२ आणि पुढच्या वर्षी ७५ टक्के आले तर फरक दोन मुलांचा आहे, शाळा बिघडल्याचा नाही. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र बघा. ऑफस्टेडचा एका शब्दातला एकूण शेरा सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून बाबनिहाय रिपोर्ट कार्ड आलं. जुन्या अहवालातला एक शब्द वाचून निर्णय घेऊ नका, तारीख बघा.

पट हा दुसरा महत्त्वाचा आकडा. शाळेला पैसे प्रामुख्याने ऑक्टोबरमधल्या मुलांच्या गणतीवर मिळतात. ६० ची शाळा ४१ वर आली की आधी मदतनीस कमी होतात, मग तिन्ही इयत्ता मिळून दीड वर्ग उरतो, आणि हेडटीचर दोन शाळांची मिळून एक होते, इथे अडीच दिवस, तिथे अडीच दिवस. ग्रामीण शाळा सहजी बंद करू नये असं सरकारचं धोरण आहे, पण ते अभयपत्र नव्हे. तीन शिक्षकांपैकी एक गेली तर शाळेचा तिसरा हिस्सा बदलतो. कोण किती वर्षं आहे हे विचारण्यात संकोच नको. मुलाला बोलण्याची किंवा लक्ष देण्याची अडचण असेल तर 'सेनको' (विशेष गरजांच्या मुलांचं बघणारी शिक्षिका) आठवड्यातून किती तास असते, तेही. अशा शाळांत हेडटीचर, सेनको आणि सकाळी फाटक उघडणारी व्यक्ती पुष्कळदा एकच असते.

याची चांगली बाजूही खरी आहे. साठ मुलांच्या शाळेत प्रत्येक मोठ्या माणसाला प्रत्येक मुलाचं नाव ठाऊक असतं. वर्गात तुमचं मूल एकटंच मराठी असण्याची शक्यता मोठी. इंग्रजी मागे असेल तर घाबरून घरात मराठी बंद करू नका. घरची भाषा पक्की असलेलं मूल रिसेप्शनमध्ये काही महिन्यांत इंग्रजी पकडतं. नावाचा उच्चार पहिल्याच दिवशी नीट करून द्या. 'ज्ञानदा'चं भलतंच काही व्हायच्या आत.

डबा, वेळ, सुट्ट्या

सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन ते इयर टूच्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत दुपारचं जेवण फुकट आहे, पालकांचं उत्पन्न कितीही असो. छोट्या शाळेत बहुधा स्वयंपाकघर नसतं. जेवण शेजारच्या मोठ्या शाळेतून गरम पेट्यांत येतं, म्हणून पर्याय कमी. शाकाहारी पदार्थ बहुधा असतो, पण त्यांच्या शाकाहारात अंडं बसतं. क्वॉर्न या मांसाच्या पर्यायाच्या बहुतेक पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असतो. जेलीत जिलेटिन आहे का, हेही लेखी विचारा.

डबा दिलात तर शेंगदाणा पूर्ण बंद ठेवा. बऱ्याच शाळांत त्यावर बंदीच असते, आणि आपल्या डब्यात तो न दिसता असतो: साबुदाण्याच्या खिचडीतलं कूट, कोरडी चटणी, चिक्की. तीळही ब्रिटनच्या ॲलर्जीच्या १४ पदार्थांच्या यादीत आहे, तेव्हा संक्रांतीचे लाडू वर्गात वाटायचे तर आधी परवानगी. द्राक्षं उभी कापून द्या. अख्खी द्राक्षं घशात अडकतात म्हणून शाळा परत पाठवते.

शाळा सुटते साधारण सव्वातीनला. ब्रेकफास्ट क्लब किंवा संध्याकाळचा क्लब रोज आहे का, की फक्त मंगळवार-गुरुवार, आणि त्याला प्रतीक्षायादी आहे का? दोघंही नोकरी करत असाल तर शाळेच्या आधी चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी व्यक्ती, शोधा. गावात अशा एक-दोघीच असतात आणि त्यांच्या जागा वसंतातच भरतात. आठ वर्षांखालील मुलाला कौन्सिल मोफत वाहन देते ते मुख्यत्वे सर्वांत जवळची योग्य शाळा दोन मैलांहून लांब असेल किंवा चालायचा रस्ता धोक्याचा असेल तर. जवळची सोडून लांबची चर्च-शाळा निवडलीत तर गाडी तुमची.

भारतात टर्मच्या मधे जाण्याबद्दल भ्रम नको. दहा शालेय आठवड्यांत परवानगीविना पाच दिवस गैरहजेरी झाली की दंडाचा विचार होतो: प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड २१ दिवसांत, नाहीतर १६०. पाच वर्षं पूर्ण होऊन शिक्षण सक्तीचं होईपर्यंत हा दंड लागत नाही. दिवाळीच्या दिवसाची धार्मिक रजा वेगळी नोंदवतात. आधी लेखी मागा.

इयर थ्रीचा दुसरा अर्ज

इयर टूमध्ये असताना १५ जानेवारीच्या आत ज्युनियर स्कूलसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. मूल आपोआप पुढे सरकत नाही, दोन्ही शाळांचं अंगण एकच असलं तरी. ज्युनियरच्या नियमांत तुमच्या इन्फंट स्कूलमधून येणाऱ्यांना प्राधान्य आहे का, हे आजच वाचा. नसेल तर तीन वर्षांनी तुम्ही अंतराच्या रांगेत उभे राहणार. इयर थ्रीपासून ३० ची कायदेशीर मर्यादाही नाही. दोन मुलं असतील तर एक वेळ अशी येते की धाकटं इन्फंटमध्ये आणि थोरलं ज्युनियरमध्ये, दोन्हीकडे पावणेनऊची घंटा. शाळांच्या वेळांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलंय का, आणि दोन्ही शाळा भावंडांच्या नियमासाठी एक मानल्या जातात का, ते बघा. हे जमत नसेल तर थोडी लांबची प्रायमरी जास्त शहाणपणाची ठरते, गावची शाळा कितीही गोड वाटली तरी.

१६ एप्रिलला नको असलेली शाळा आली तर ती नाकारू नका. स्वीकारा, हव्या त्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. स्वीकारल्याने यादीतला हक्क जात नाही. यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते आणि ती प्रवेशाच्याच निकषांनी लागते, त्यामुळे तुमच्यानंतर आलेलं मूल तुमच्या वर जाऊ शकतं. अपील करायला कमीत कमी शाळेचे २० दिवस मिळतात. पण वर्गात ३० भरलेली असतील तर अपील ऐकणाऱ्या पॅनेलचे हात जवळपास बांधलेले असतात: नियम चुकीचे लावले गेले किंवा निर्णय अगदीच अवाजवी होता हे दाखवावं लागतं, 'आमच्यासाठी ही शाळा चांगली' एवढं पुरत नाही. १५ किंवा २० जागांच्या शाळेत अपिलाआधी दोन्ही वर्गांची खरी मुलं मोजून मागा. एखाद्या वर्गात २७ असतील तर ३० चा अडसर तिथे कदाचित येणार नाही, आणि अपील उभं राहू शकतं.